थांब म्हणणारं कोण?

उजव्या हाताची बोटं आपल्याकडे हलवायची, म्हणजे 'वाढ'. डाव्या हाताचा तळवा समोर धरायचा, म्हणजे 'थांब'. आळेफाट्याच्या चौकात नाशिककडून येणाऱ्या ट्रकांना हवालदार जसे हात करतो, तसेच हात करत आमच्या डॉक्टरीणबाई समोरच्या बाईला तिचं शरीर समजावून सांगायच्या. आणि शेवटी ठरलेला प्रश्न विचारायच्या, "वाढ म्हणणारे पुष्कळ असतात गं. थांब म्हणणारं कोण?"

नव्वदच्या आगेमागे तुम्ही कुणाला बाळंतपणासाठी नारायणगावात आणलं असेल, तर ते हात तुम्ही नक्की बघितले असणार. हात नाही तर आवाज तरी ऐकला असेल. बाईंचा आवाज दवाखान्यातून निघून थेट एसटी स्टँडवर पोचायचा. अंगानं मात्र शेवग्याची शेंग. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर चष्मा आणि तोच चष्मा शोधायला आम्ही सगळ्या. स्कूटर अशी चालवायच्या की मेन रोडवरची भाजीवाली मंडळी लांबूनच टोपल्या आत ओढायची.

माझं माहेर मंचरचं. नर्सिंग शिकले, लग्न होऊन वारूळवाडीत आले आणि हळद उतरायच्या आत बाईंच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला नोकरीला परवानगी कशी दिली याचं सगळ्या भावकीला नवल वाटत होतं. आत्याबाईंनी कारण चारचौघांत सांगून टाकलं होतं, की सून नर्स आहे, घरबसल्या फुकटात बीपी बघून देते. झालं, तेव्हापासून सगळी भावकी आमच्या ओट्यावर बाह्या वर करून बसायला लागली.

बाईंचा पहिला प्रश्न असायचा, "वय काय?" नाव, गाव, दुखणं सगळं मागून. आता आमच्याकडच्या बायकांना वय विचारणं म्हणजे अवघड काम. एक म्हणायची चाळीस असेल, तिची जाऊ म्हणायची छे, माझ्याहून थोरली आहे. मग बाई वकिलासारखी उलटतपासणी घ्यायच्या. मोठ्या दुष्काळात लग्न झालं होतं का? पदरात मूल होतं का? चालत होतं की रांगत होतं? असं करत करत वय बाहेर काढायच्या आणि मगच नाडीला हात लावायच्या.

बायकोच्या आधी बोलणाऱ्या नवऱ्यांचा त्यांना भारी राग. एकदा एक बागायतदार बायकोला घेऊन आला. बाई तिला विचारतायत आणि हा गडी मधेच उत्तरं देतोय. भूक लागते का, तर हा म्हणतो लागते. झोप लागते का, तर हा म्हणतो चांगली लागते. बाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि शांतपणे विचारलं, "तुमची पाळी शेवटची कधी आली?" तो जो बाहेर गेला तो थेट पलीकडच्या चहाच्या टपरीवर सापडला. त्याची बायको मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर बोलली.

सणासुदीच्या तोंडावर दवाखान्यात वेगळीच गर्दी व्हायची. नवरात्राचे घट, भीमाशंकरची महाशिवरात्र, घरातलं लग्न, काहीही असो, त्याआधी बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला यायच्या. बाई कुरकुर करायच्या. म्हणायच्या, देव काय कॅलेंडर घेऊन बसलाय का? पण वय विचारून, तपासून, द्यायच्या. एका लग्नघरातली बाई आली ती एकदम सगळ्या वऱ्हाडाच्याच गोळ्या मागायला लागली, करवल्यांसकट. बाई म्हणाल्या, नवरदेवालाही एक देऊ का? त्या बाईनं क्षणभर खरोखरच विचार केला हो!

हे वाढ-थांबचे हात बाईंना सापडले कुठे, तर आमच्या द्राक्षाच्या मळ्यात. तेही सांगते.

डिपिंगचे दिवस होते. द्राक्षाचे मणी बारीक असताना एकेक घड जीएच्या, म्हणजे वाढीच्या औषधाच्या, पाण्यात बुडवायचा असतो, म्हणजे मणी लांबतो, फुगतो. मगमध्ये पाणी घ्यायचं, घड हळूच आत, हळूच बाहेर, की पुढचा घड. सगळ्या बागेचं हे काम बायकांचं, आणि त्या दिवसांत घरातलं एकही माणूस मोकळं नसतं. मी रजा मागितली. बाई चिडल्या. घडांना आंघोळ घालायला रजा? म्हणाल्या, मला बघायचंय. आणि खरंच दुपारी स्कूटर घेऊन मळ्यात हजर.

आत्याबाई पदर खोचून बांधावर उभ्या. आमच्या आत्याबाई म्हणजे भरभक्कम बाई. त्या बांधावर उभ्या राहिल्या की पलीकडची वेल दिसायची नाही. बायकांच्या टोळीवर त्यांची नजर अशी, की कुणाचा घड सुटला तर ती आधीच ओशाळायची. डॉक्टरीण आल्या म्हटल्यावर त्यांनी मोठ्या मानानं सगळं दाखवलं.

"ह्ये पाणी मण्याला सांगतंय, फुग. पर लई दिलं तर नुस्ता फुगतो, गोडी न्हाई धरत."

"मग थांब कोण सांगतं?" बाईंनी विचारलं.

"त्याचं औषिद येगळं. उन्हाळ्यात छाटणी झाली की मारायचं. न्हाईतर काडी सुटती लांबच्या लांब, पालाच पाला. आन हातानं शेंडा मारायचा. थांब म्हणाया नको व्हय कुणी?"

बाई बांधावर मट्कन बसल्या. म्हणाल्या, अहो, हे तर सगळं माझंच खातं. मग त्यांनी आत्याबाईंना उलटं समजावलं. बाईच्या पिशवीला आतून अस्तर असतं. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात एक हार्मोन त्या अस्तराला म्हणतं, वाढ. दुसऱ्या अर्ध्यात दुसरं हार्मोन येतं आणि म्हणतं, पुरे, आता थांब आणि तयार हो. मूल राहिलं नाही की दोघंही निघून जातात, अस्तर गळतं, ती पाळी. इथं पहिल्यांदा ते दोन हात हवेत उठले. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे बाईची जात न् द्राक्षाची जात येकच." त्यावर दोघी इतक्या हसल्या की सगळी टोळी हातातले मग तसेच धरून बघत राहिली. तेव्हापासून त्यांची मैत्री. मैत्री म्हणजे काय, भेटल्या की भांडायच्या.

बाईंचे ते हात एकदा मात्र उठले नाहीत. भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरातली एक म्हातारी आली होती. भात-नाचणी करणारी माणसं, मुलानं डोलीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणलेली. पाळी जाऊन कित्येक वर्षं झाली होती आणि वर्षभर अंगावरून जात होतं. सुनेला सांगायला लाज वाटली म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पिशवीचा कॅन्सर, आणि पार पसरलेला. बाईंनी तिला पुण्याला धाडलं, स्वतः गाडी करून दिली, पण उपयोग झाला नाही. ती गेल्याचं कळलं त्या दिवशी बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. मी चहा नेला, तो गार झाला. कप तसाच मला परत देत म्हणाल्या, "लाजेनं मारलं गं तिला."

त्यानंतर त्यांनी ठरवलं की बायका दवाखान्यात येत नाहीत ना, मग जिथं बायका जमतात तिथं आपण जायचं. आणि बायका जमतात कुठं, तर संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला. बाई गावोगाव फिरायला लागल्या. त्यांची अट एकच असायची. आत्याबाईंनी आमच्या शेडमध्ये हळदीकुंकू ठेवलं तेव्हा त्यांनाही घातली. विधवा बायकांनाही बोलवायचं. आत्याबाईंनी नाक मुरडलं. बाई म्हणाल्या, त्यांनाही पिशवी असते. आत्याबाईंनी कुरकुरत का होईना, त्यांनाही निरोप धाडले.

तर आमच्या शेडमध्ये द्राक्षाचे रिकामे क्रेट पालथे घालून बायका बसल्या. बाईंनी दोन्ही हात करत सगळं सांगितलं. पाळी गेली की थांब म्हणणारं हार्मोन बंद होतं. वाढ म्हणणारं मात्र थोडं थोडं तयार होत राहतं, कारण अंगावरची चरबीच ते बनवते. ज्यांच्या पोटावर फार चरबी, त्यांच्या पोटावर बिनपरवान्याचा कारखाना. बायका एकमेकींची पोटं बघून खिदळायला लागल्या. मग बाई गंभीर झाल्या. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत अंगावरून गेलं, अगदी थेंबभर का होईना, तर ती पाळी नव्हे. मला येऊन भेटायचं. कुणीतरी मागून म्हणालं, म्हणजे परत तरणी झाली की! पुन्हा हशा.

तो हशा चालू असतानाच तिळगूळ वाटता वाटता आत्याबाईंनी विचारलं, "आन गोळीनं थांबलं तर?"

मला वाटलं, नेहमीचा खोचक प्रश्न. बाईंच्या हातात तिळगुळाची वडी होती, ती त्यांनी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाल्या, गोळीनं थांबलं तरी भेटायचं. आणि लगेच साखरेच्या आजारावर बोलायला लागल्या. त्यांनी आत्याबाईंकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

कार्यक्रमानंतर बाई कधी कुणाकडे थांबत नसत. त्या दिवशी आत्याबाईंना म्हणाल्या, मावशी, चहा पाजा. स्वयंपाकघरात आल्या आणि पाट ओढून गॅसच्या ओट्याशी खालीच बसल्या. आत्याबाईंनी आधण ठेवलं. मी कपबशा काढत होते.

"मावशी, वय काय?"

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"माहीत आहे. गोळी कधीपासून घेताय?"

आत्याबाईंनी साखर टाकली, परत टाकली. ढवळत राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मागल्याच्या मागल्या घटापासनं."

माझ्या हातातल्या बशा मी खाली ठेवल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मागल्याच्या मागल्या नवरात्रात, घट बसायच्या आदल्या दिवशी, इतक्या वर्षांनी त्यांच्या अंगावरून गेलं. तेव्हा त्यांनी काय करावं? आळेफाट्याला त्यांची बहीण असते. तिच्या सुनेच्या नावावर बहिणीकडून पाळी ढकलायच्या गोळ्या मागवल्या. आमच्या दवाखान्यातून मागितल्या असत्या तर मला कळलं असतं ना. गोळी घेतली, थांबलं. पुढे दिवाळीला, मग महाशिवरात्रीला, मग जत्रेला. जेव्हा सण तेव्हा गोळी. सण संपला की परत सुरू. त्यांना वाटलं, पाळीच आहे, जाता जाता रेंगाळतेय.

तुम्हाला आमच्या घरची रीत सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. आमच्याकडे पाळी आली की बाहेर बसायचं, आणि ही रीत पाळून घेणाऱ्या आत्याबाईच. मी दिवसभर दवाखान्यात बाळंतपणं करायची आणि घरी आलं की ओट्यावर वेगळी चटई, वेगळं ताट. त्यांची स्वतःची पाळी गेली तेव्हा त्या घरातल्या राणी झाल्या. बारा महिने तेरा काळ देवघर त्यांचं, लोणच्याची बरणी त्यांची, घट त्यांचे. ते सगळं या वयात परत सोडायचं?

"घटाला हात लावायचा न्हाई, तर म्या या घरात करायचं काय?" त्या बाईंना म्हणाल्या.

मला इतका राग आला होता की काय सांगू! मी यांच्या भिंतीपलीकडे झोपते, मी नर्स, रोज यांचं बीपी बघते, आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, मला सांगायचं होतं. मी काय तुम्हाला बाहेर बसवलं असतं का?

आत्याबाई वळल्या. "तू नसतं बसवलं. पर म्या तुला बसवत व्हते ना."

मी खाली ठेवलेल्या बशा उचलल्या आणि चहा गाळला. चहा तिघींनी प्यायला. मिठाई झाली होती त्याची.

दोन दिवसांत बाईंनी अस्तराचा नमुना घ्यायचं ठरवलं. पिशवीचं अस्तर खरवडून पुण्याला तपासायला पाठवायचं. आत्याबाईंना नीट समजावलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे उन्हाळ्यातली खरड छाटणीच की." आणि टेबलावर जाऊन पडल्या. मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी माझा इतका घट्ट धरला की बांगडी वाकली.

पुण्याहून फोन आला. कॅन्सर होता. सुरुवातीचा होता, पण होता.

घरात आमचे हे आणि मामंजी, म्हणजे सासरे, दोघांनी एकच घोशा लावला की तिला सांगायचं नाही, धसका घेईल. तुमच्याही घरात असंच झालं असतं, नाही म्हणू नका. बाईंनी दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, मावशींना नाही सांगायचं तर कुणाला सांगू, द्राक्षांना? आणि उठून मळ्यात गेल्या. मी मागोमाग.

घडांत पाणी उतरलं होतं, गोडी भरत होती. तोडणी तोंडावर आली होती. आत्याबाई मणी चाखत फिरत होत्या. बाईंनी सरळ सांगितलं. मावशी, कॅन्सर आहे, पिशवीतच आहे, पिशवी काढावी लागेल.

आत्याबाई खाली बसल्या. वेलीच्या बुंध्याला हात लावून म्हणाल्या, "मरते का म्या?"

"मला नाही वाटत. पण ऑपरेशन आत्ता."

"माल उतरल्याव."

"आत्ता."

"गोळीनं थांबतंय की. तवर गोळी घेते. दीड वर्स थांबलंच ना?"

बाई त्यांच्या शेजारी मातीत बसल्या. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही. एरवी ओरडून बोलणाऱ्या बाई, पण अगदी हळू बोलल्या. म्हणाल्या, "गोळी म्हणजे थांब म्हणणारं हार्मोन, मावशी. ते ऐकून थांबतात म्हणजे तुमच्या पेशींना कान आहेत अजून. ज्यांना ऐकू येतं त्या फार बिघडलेल्या नसतात, म्हणून मला धीर आहे. पण गोळी बंद केली की त्या परत वाढतात, बघितलंत तुम्ही. आणि असं चालत राहिलं की एक दिवस त्यांचे कान जातात. मग त्यांना वाढ सांगायला हार्मोनसुद्धा लागत नाही. त्या स्वतःच एकमेकींना सांगायला लागतात. एकीनं शेजारणीला सांगायचं, तिनं पुढचीला. हळदीकुंकवात बातमी पसरते ना, तसं. मग मी थांब म्हटलं काय आणि तुम्ही म्हटलं काय, कोण ऐकतंय? ती डोंगरातली आजी आली तेव्हा ऐकणारं कुणी राहिलंच नव्हतं."

आत्याबाईंनी त्या आजीबद्दल माझ्याकडून ऐकलं होतं. हातातला मणी त्यांनी मातीत टाकला. मग म्हणाल्या, "तोडणीला कोन हुबं राहनार? ह्यो येडा न् त्येचा बाप? व्यापारी इकून खाईल दोघांना."

"मी राहते उभी," बाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी बाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं, कॅनव्हासच्या बुटांपर्यंत. आणि त्या परिस्थितीत, कॅन्सर कळून अर्धा तास झाला नव्हता, त्या हसल्या. "तुमी? अवो तुमाला पिकला घड न् कच्चा घड वळखतो का?" पण तयार झाल्या.

ऑपरेशन पुण्यात झालं. बाई स्वतः आत उभ्या राहिल्या. पिशवी काढली, दोन्ही बीजकोश काढले. आत्याबाई शुद्धीवर आल्यावर बाईंनी सांगितलं की कुठं पसरलेलं दिसत नाही. मामंजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि उपरण्यानं चष्मा पुसत बसले, चष्मा पुसून झाला तरी. आत्याबाई गादीवरून बारीक आवाजात विचारतात, "वाढ म्हनणारी काढली, थांब म्हनणारी बी काढली. आता वो?"

"आता ऐकणारंच काढलंय," बाई म्हणाल्या. "झोपा गुमान."

आणि तोडणीला बाई खरंच उभ्या राहिल्या. दवाखान्याची गुरुवारची सुट्टी, डोक्याला टॉवेल, हातात आत्याबाईंची छत्री. बाई पेशंटसारखा एकेक घड तपासायच्या. व्यापाऱ्यानं मण्यात दोष काढला की त्याच्यावर अशा खेकसायच्या की त्या बिचाऱ्यानं शेवटी शेवटी दोष काढायचंच सोडलं. त्याला पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "वय काय?" त्यानं घाबरून जन्मतारीखच सांगितली. पिकलेला घड कोणता हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून त्या प्रत्येक घडाचा मणी खाऊन बघायच्या. दुसऱ्या दिवशी पोट इतकं बिघडलं की दवाखान्यात पेशंट म्हणून डॉक्टरच झोपलेल्या. मी सलाईन लावलं. सुई टोचताना म्हटलं, बाई, वय काय? त्यांनी डोळे वटारले.

त्या वर्षीच्या नवरात्रात नेमकी मी अडचणीत होते. सवयीनं चटई उचलली आणि ओट्यावर जाऊन बसले. आत्याबाई मातीची पाटी घेऊन बाहेर आल्या.

"ऊठ. माती चाळ. घट तू बसीव."

मी बघतच राहिले. म्हटलं, आत्याबाई, माझी...

"म्हाईत हाय. देवीला माजंबी समदं म्हाईत व्हतं. तरी दर खेपंला घट हिरवागार आलाच ना? मग?"

पाटी माझ्या मांडीवर ठेवून त्या आत गेल्या. मी माती चाळली, गहू पेरले, आणि चाळता चाळता रडले. त्यानंतर आमच्या घरात कुणी बाहेर बसलं नाही. त्याची चर्चा झाली नाही, ठराव झाला नाही. ती चटई पुढे द्राक्ष वाळवायला गेली.

पोटावरचा कारखाना बंद करायचं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून आत्याबाई रोज सकाळी नारायणगावच्या स्टँडपर्यंत चालत जायच्या आणि यायच्या. एकट्या कशा जाणार, म्हणून वाटेतल्या सगळ्या लठ्ठ बायकांना हाका मारत जायच्या. दर तपासणीला नवं लुगडं नेसून यायच्या. तपासणीच्या आधी दोन दिवस कुणाशी भांडायच्या नाहीत, त्यावरून मला त्यांची भीती कळायची. बाई तपासून म्हणायच्या, ठीक आहे, या आता. की बाहेर पडल्या पडल्या पहिलं भांडण केसपेपर देणाऱ्याशी. अशी वर्षं गेली. शेवटी बाई म्हणाल्या, मावशी, आता नुसत्या चहाला येत जा.

मग नवं शतक लागलं. हायवेला मोठाली हॉस्पिटलं झाली, काचेची दारं, मशिनं. बाईंचे हात थोडे कापायला लागले होते. एका बाळंतपणानंतर हात धुताना त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, हे थांब म्हणतायत, सिस्टर. मी ऐकायला नको? कऱ्हाडला त्यांचा भाऊ होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. निरोपसमारंभ, शाल-श्रीफळ असलं काही नको, गुरुवारी सकाळी गुपचूप जाणार, कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलं.

मी फक्त आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाईंनी फक्त शेजारणीला सांगितलं. गुरुवारी सकाळी आमच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला सगळ्या वारूळवाडीच्या बायका उभ्या. त्यांच्यातल्या कितीकींची पोरं बाईंच्या हातावर जन्मलेली.

बाईंची जीप आली. आत्याबाई सरळ रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि डाव्या हाताचा तळवा समोर धरला. जीप करकचून थांबली. बाईंनी काच खाली केली.

"मावशी, वय काय? रस्त्यात उभं राहायचं वय आहे का हे?"

आत्याबाई डावा हात तसाच वर ठेवून खिडकीशी सरकल्या. उजव्या हातानं कमरेवरची द्राक्षाची पेटी खिडकीतून बाईंच्या मांडीवर ठेवली. बाईंनी एक मणी तोडला, चाखला आणि म्हणाल्या, पिकलाय. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, चल रे बाबा, लवकर चल.

जीप आत्याबाईंना वळसा घालून मंचरच्या रस्त्याला लागली. बायका पदरानं डोळे पुसत घराकडे वळल्या. मागून आलेली एसटी मात्र तिथंच उभी होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, परत वाजवला. शेवटी कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "आज्जे, हात खाली घ्या की. आमाला जायाचंय."

आत्याबाईंचा डावा हात अजून तसाच वर होता. मी रस्त्यात गेले, तो हात धरला आणि खाली घेतला.